तीन मजले आणि तळघर: डेक्ट फोनसाठी बेस किती आणि कुठे?

तारजोड

डेक्ट (बिनतारी हँडसेटच्या फोनचं तंत्र) मल्टी-सेल, म्हणजे अनेक बेस मिळून चालणाऱ्या, प्रणालीची आखणी करायची आहे. तळमजला, पहिला, दुसरा असे तीन मजले, प्रत्येक मजला ६० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद. खाली ३० × २५ मीटरचं तळघर, त्यात लोखंडी रॅकचं भांडार. आतल्या भिंती विटांच्या, स्लॅब आरसीसी. जिना आणि लिफ्ट मधोमध. प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी लोखंडी अग्निरोधक दार. एकूण ४८ हँडसेट, त्यांतले २० तळमजल्याच्या मदतकक्षात, म्हणजे जवळजवळ एकाच खोलीत. वारंवारता १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ.

माहितीपत्रकात 'इमारतीच्या आत ५० मीटर, बाहेर ३०० मीटर' असा पल्ला दिला आहे. तो धरला तर मजल्याच्या मध्यावर एक बेस पुरतो, कारण टोक ३० मीटरवरच आहे. म्हणजे तीन मजल्यांना ३ आणि तळघराला १. हा हिशोब इतका सोपा वाटतो की त्याचीच भीती वाटते. कुठे चुकतोय?

डेसिबल

पल्ला मीटरमध्ये मोजताय, तिथे चुकताय. डीबीत, म्हणजे सिग्नल वाटेत किती घटतो त्यात मोजा.

डेक्टची कमाल शक्ती २५० मिलिवॅट, म्हणजे २४ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). (अमेरिकेतल्या १९२० ते १९३० मेगाहर्ट्झच्या डेक्टला याहून कमी शक्तीची मुभा आहे आणि तिथे वाहकही (वारंवारतेच्या वाटाही) १० ऐवजी ५ च मिळतात. तिथली उपकरणं असतील तर खालचे आकडे तसेच्या तसे घेऊ नका.) १.८९ गिगाहर्ट्झला पहिल्या १ मीटरमध्येच ३८ डीबी जातात. मोकळ्या हवेत १० मीटरला ५८ आणि ३० मीटरला साधारण ६७.५. म्हणजे ३० मीटरवर, मध्ये काहीच नसेल तर, -४३.५ डीबीएम मिळेल. उत्तम सिग्नल आहे.

आता भिंती घाला. विटांची आतली भिंत ६ ते ८ डीबी खाते, आपण ७ धरू. जिप्समचा पडदा ३. आरसीसी भिंत किंवा स्लॅब १५ ते २०, सळई दाट असेल तर त्याहून जास्त. धातूचा थर दिलेली काच २० च्या पुढे, लोखंडी दार किंवा लिफ्टचा डबा ३० च्या आसपास. तुमच्या मजल्यावर मध्यापासून टोकापर्यंत ४ भिंती असतील तर २८ डीबी गेले, -७१.५ उरले. हँडसेट कानाला लावल्यावर डोकं आणि हात मिळून, शिवाय परावर्तनाने पडणारे खड्डे धरून, आणखी १० वजा करा. -८१.५.

हँडसेट -९० च्या जवळपासही सिग्नल पकडतो, त्यामुळे तिथून फोन लागेल. एका जागी उभं राहून कदाचित धड बोलताही येईल. चालायला लागलं की शब्द गळायला लागतात. म्हणून 'फोन लागतो' ही हद्द मानायची नाही. सगळी वजावट करून -६५ ही हद्द माना. सर्व्हेत हँडसेट हातात मोकळा धरून मोजत असाल तर डोक्याची वजावट आकड्यात आलेली नसते, तेव्हा -६० माना.

तुमच्या भिंतींत ही हद्द १५ ते १६ मीटरला येते: १५ मीटरला मोकळ्या हवेत -३७.५, दोन भिंती १४, वजावट १०, म्हणजे -६१.५. मजल्याला एक बेस हा विचार इथेच सोडून द्या. लांबीच्या रेषेवर १०, ३० आणि ५० मीटरला असे तीन बेस, रुंदीच्या मध्यावर. कोपरा जवळच्या बेसपासून १६ मीटर पडतो. जेमतेम, पण बसतो.

सिंकसाखळी

डेसिबल यांचा हिशोब बरोबर आहे. मात्र मल्टी-सेलमध्ये दोन बेसमधलं अंतर आवाजाच्या पल्ल्यावरून ठरवायचंच नसतं. ते ठरतं बेसला बेस किती ऐकू येतो यावरून. आखणी बिघडते ती बहुतेक इथेच.

डेक्टची फ्रेम १० मिलिसेकंदांची, तिचे २४ स्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे: १२ जाणारे, १२ येणारे. एक स्लॉट ४१७ मायक्रोसेकंदांचा, एक बिट ०.८७ मायक्रोसेकंदाचा. चालू कॉल एका बेसवरून दुसऱ्यावर जाताना हँडसेट जुना दुवा धरून ठेवतो, मोकळ्या स्लॉटमध्ये नवा जोडतो आणि मग जुना सोडतो. हाच हँडओव्हर. हे व्हायला दोन्ही बेसच्या फ्रेम काही बिटांच्या आत एकमेकांवर बसलेल्या असाव्या लागतात. दोन घड्याळांत दहा लाखांत ५ इतकाच फरक असला तरी ८३ सेकंदांत अख्खा स्लॉट सरकतो. म्हणून प्रत्येक बेस शेजारच्या बेसचं रेडिओवर ऐकून आपलं घड्याळ सतत जुळवत राहतो, यालाच सिंक म्हणतात. सगळ्या साखळीच्या मुळाशी एक मुख्य बेस असतो.

आता बघा. दोन बेसची आवाजाची हद्द बरोबर मध्यावर -६५ ला मिळवली, तर दुसरा बेस त्या बिंदूपासून आणखी तेवढाच दूर आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेत ६ डीबी जातात, भिंती धरून १० किंवा जास्त. म्हणजे बेसला बेस -७५ किंवा त्याहून वाईट ऐकू येणार. सिंकसाठी -७० किंवा चांगला हवा. -७५ च्या खाली भरवसा नाही: रात्री इमारत रिकामी असताना टिकेल, दिवसा दारं लागली आणि माणसं भरली की सुटेल. नेमका आकडा उत्पादकानुसार थोडा बदलतो, तेव्हा आपल्या प्रणालीची पुस्तिका बघून घ्या.

सिंक सुटलेल्या बेसवर आणि त्याच्यावरून हँडओव्हर होत नाही. कॉल जिथे होता तिथे अडकतो आणि माणूस पुढे गेला की तुटतो. तक्रार मात्र 'रेंज नाही' अशी येते, मग तिथे आणखी एक बेस ठोकला जातो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

तारजोड

मग मजल्यावर २० मीटर अंतराने बेस ठेवले तर सिंकचं काय?

सिंकसाखळी

२० मीटरला मोकळ्या हवेत -४०, तीन भिंती २१, म्हणजे -६१. बेसला डोकं नसतं आणि तो उंचावर असतो, त्यामुळे १० ची वजावट पूर्ण लागत नाही. परावर्तनासाठी थोडी सोडली तरी -६६ च्या आत राहाल. चालेल. आवाजाची १५ मीटर हद्द दोन्हीकडून धरली तर १० मीटर सामाईक पट्टा मिळतो. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो, म्हणजे हँडओव्हरला ७ सेकंद हातात. तेवढे लागतातच, कारण हँडसेट आधी नवा बेस मोजतो, खात्री करतो आणि मगच हलतो.

पण ४० मीटरवरचा पलीकडचा बेस? सहा भिंती धरून -८८. तो ऐकू येणार नाही. म्हणजे एका मजल्यापुरतं पाहिलं तर टोकाचा बेस मधल्यावरच लटकलेला. मधला बंद पडला की दोन्ही टोकं अनाथ. प्रत्येक बेसला सिंकचे किमान दोन स्रोत हवेत, आणि दुसरा स्रोत तुम्हाला वरच्या किंवा खालच्या मजल्यावरून घ्यावा लागेल.

जिनामार्ग

इथेच बेस एकावर एक ठेवायचे की मजल्यागणिक सरकवायचे हा प्रश्न येतो. सरकवले तर खालच्या दोन बेसमधली फट वरचा भरून काढतो, असा विचार त्यामागे असतो. मोठ्या उघड्या मजल्यांवर तो योग्यही आहे. तुमच्याकडे मी एकावर एकच ठेवेन. ३.५ मीटर उंचीला मोकळ्या हवेत -२५, स्लॅबचे २० वजा, -४५. असा भक्कम सिंक तुम्हाला आडव्या दिशेने कुठेच मिळणार नाही.

एक पथ्य: बेसच्या अँटेनाचा जोर आडव्या दिशेत असतो, थेट डोक्यावर आणि पायाखाली कमी. शिवाय स्लॅबच्या सळईची जाळी १६ सेंटिमीटरच्या लहरीला बऱ्यापैकी अडवते. त्यामुळे -४५ हे कागदावरचं. प्रत्यक्षात -५५ ते -६० आलं तरी आपल्याला पुरतं, पण मोजल्याशिवाय गृहीत धरू नका. कमी आलं तर वरचा बेस ३ ते ४ मीटर बाजूला घ्या, अँटेनाच्या आंधळ्या भागातून बाहेर येतो.

सिंकसाखळी

सहमत. मुख्य बेस पहिल्या मजल्याच्या मध्यावर ठेवा, तळमजल्यावर किंवा सर्व्हर खोलीत नको. त्याच्यापासून पहिली पायरी: त्याच मजल्याची दोन टोकं, वरचा मधला, खालचा मधला. दुसरी पायरी: तळमजला आणि दुसऱ्या मजल्याची चार टोकं, आणि तळघराचा मधला. तळमजल्याच्या टोकाला आपल्या मजल्याचा मधला आणि डोक्यावरचा, असे दोन स्रोत झाले. मुख्य बेस सर्व्हर खोलीत कोपऱ्यात ठेवला की हीच साखळी पाच-सहा पायऱ्यांची होते, आणि प्रत्येक पायरीला घड्याळाची चूक थोडी वाढते. शिवाय वरची एक कडी रीस्टार्ट झाली की खालच्या सगळ्यांना पुन्हा सिंक शोधावा लागतो.

तारजोड

लॅनवरून सिंक देता येतो असं वाचलं. मग हा रेडिओचा खटाटोप टळेल का?

स्विचवाला

टळेल, पण तो खटाटोप नेटवर्कवर येऊन बसेल. लॅन सिंक पीटीपीवर चालतो, म्हणजे आयईईई १५८८, नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत. वर सांगितलंय तसं काही बिटांचं, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या घरातलं अचूकपण लागतं. पॅकेट उशिरा पोहोचणं इथे फारसं नडत नाही. उशीर दर वेळी वेगळा असणं नडतं. त्यामुळे:

मुख्य आणि इतर बेसच्या मध्ये जितके कमी स्विच तितकं चांगलं. पीटीपीच्या पॅकेटांना डीएससीपीने (पॅकेटवरच्या अग्रक्रमाच्या खुणेने) सर्वांत वरचा अग्रक्रम द्या आणि तो वाटेतल्या प्रत्येक स्विचवर खरंच पाळला जातोय का ते बघा. मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारी पॅकेटं) त्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या त्या वेगळ्या काढलेल्या भागात, सर्वत्र पोहोचला पाहिजे. आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कुठल्या पोर्टला द्यायचा ते ठरवणारी स्विचची सोय) अर्धवट बसवलेलं असलं तर काही मिनिटांनी सिंक गळतो आणि कारण सापडत नाही. स्विचवरचं ऊर्जाबचतीचं इथरनेट बंद ठेवा. मधे बिनतारी पूल किंवा पॉवरलाइन अडॅप्टर असेल तर लॅन सिंकचा विचारच नको.

दोन वेगळ्या इमारती किंवा जाड स्लॅबखालचं तळघर, जिथे रेडिओ सिंक पोहोचतच नाही, तिथे लॅन सिंक उपयोगी. बाकी इमारतीला रेडिओ. दोन्ही मिसळायची सोय असलेल्या प्रणाली मिळतात. आणि हे लक्षात ठेवा, लॅन सिंक घेतला तरी सामाईक पट्ट्याची गरज उरतेच. हँडओव्हर हवेतूनच होतो.

डेसिबल

क्षमतेचं कुणी बोललं नाही, मदतकक्षासाठी तेच महत्त्वाचं आहे.

बेसला १२ जोड्या स्लॉट. त्यांतून बीकन (बेसचा सतत जाणारा ओळखसंकेत), शेजारी ऐकायला लागणारा स्लॉट आणि हँडओव्हरसाठी राखीव जागा गेली की साध्या आवाजाचे ८ किंवा १० कॉल उरतात. जी.७२२ चा रुंद, म्हणजे जास्त स्पष्ट आवाज चालू केला तर कॉलला दुप्पट जागा लागते, ८ चे ४ होतात.

मदतकक्षात २० जण, प्रत्येकी ०.१५ अर्लांग धरा (एक मार्गिका सतत व्यापलेली म्हणजे १ अर्लांग), एकूण ३ अर्लांग. १ टक्का कॉल अडले तरी चालतील असं मानलं, तर अर्लांग-बी कोष्टकात ८ मार्गिकांना ३.१३ अर्लांग, १० ला ४.४६, ५ ला १.३६ आणि ४ ला ०.८७. साध्या आवाजात एक बेस काठोकाठ पुरतो. रुंद आवाजात एक बेस अजिबात पुरत नाही: दोन बेस त्या खोलीत सारखेच चांगले ऐकू आले तर मिळून ८ मार्गिका होतात आणि ३ अर्लांग निभावतात. तेव्हा मदतकक्षाला दुसरा बेस द्या. रुंद आवाज फक्त तिथेच बंद ठेवणे हाही मार्ग आहे, बाहेरच्या साध्या लाइनवरचे कॉल एरवीही अरुंदच असतात.

कॉल लागत नाही आणि पडद्यावर सिग्नल मात्र पूर्ण, असं ठरावीक गर्दीच्या वेळी होत असेल तर ती क्षमतेची अडचण. बेसची 'बिझी' नोंद बघा. रिपीटर (सिग्नल पुढे पोहोचवणारं उपकरण) लावून ती सुटत नाही, रिपीटर मूळ बेसचेच स्लॉट वापरतो.

लोखंडीरॅक

तळघराबद्दल. तिथे सिग्नलचा आकडा छान येईल आणि तरी आवाज चिरकेल, याची तयारी ठेवा. रॅक, पत्रे, पाइप यांवरून तोच सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी पोहोचतो. डेक्टच्या साध्या रिसीव्हरला उशिरा आलेल्या प्रती नीट वेगळ्या करता येत नाहीत. ३० मीटर जास्तीची वाट म्हणजे १०० नॅनोसेकंद उशीर, आणि साधारण इथपासून पुढे बिट एकमेकांवर चढायला लागतात. शक्ती भरपूर, गुणवत्ता नाही. म्हणून सर्व्हेत आरएसएसआयबरोबर (सिग्नलच्या शक्तीच्या आकड्याबरोबर) फ्रेम-त्रुटीचा किंवा गुणवत्तेचा आकडाही नोंदवा. -५० ला गुणवत्ता ढासळत असेल तर शक्तीच्या मागे लागू नका. बेस जवळ आणा, म्हणजे थेट येणारा सिग्नल परावर्तित सिग्नलांपेक्षा बराच वरचढ राहतो.

रॅकच्या रांगांच्या टोकाला, दोन रांगांमधल्या वाटेत थेट दिसेल असा बेस हवा. रॅकच्या माथ्याच्या वर बेस बसवून सिग्नल खाली झिरपेल असं समजू नका. भरलेल्या रॅकमागे वेगळीच परिस्थिती असते, त्यामुळे मोजणी माल भरल्यावर.

जिनामार्ग

सर्व्हेची पद्धत लिहितो, कारण निम्म्या चुका तिथल्याच.

साहित्य: एक बेस, तो चालवायला बॅटरीवरचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) इंजेक्टर, ३ मीटरपर्यंत उंच होणारं तिवई स्टँड, मोजणी-मोडमधले दोन हँडसेट, मापातला नकाशा, दोन रंगांची पेनं. दोन हँडसेट अशासाठी की एकावर आकडे बघायचे आणि दुसऱ्यावर कॉल चालू ठेवून कानाने ऐकायचं. नकाशावर अंदाज करणारं सॉफ्टवेअर असलं तरी हे टाळू नका, भिंतीच्या आत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं.

मध्यापासून सुरू करू नका. सर्वांत अवघड कोपऱ्यात स्टँड ठेवा, तिथून आत चालत या आणि -६० जिथे येतं तिथे खूण करा. त्या खुणेवर बेस ठेवला तर तो कोपरा नक्की व्यापला जातो. मग स्टँड त्या खुणेवर आणा, सगळ्या दिशांना हद्द काढा, आणि पुढच्या बेसची जागा अशी घ्या की तिथे हँडसेट -७० च्या वर दाखवेल. ती मोजणी स्टँडच्या उंचीवर करा, कारण बेस तिथेच टांगला जाणार आहे. कमरेच्या उंचीवर घेतलेला आकडा सिंकसाठी निरुपयोगी.

सगळी दारं बंद करून मोजा, अग्निरोधक दारं तर नक्कीच. एका जागी आकडा ५-१० डीबी वर-खाली होतो, तेव्हा हँडसेट अर्धा मीटर हलवत राहा आणि त्यातला वाईट आकडा लिहा. हँडसेट अंगाआड धरूनही एकदा फिरा. बेसची ऊर्जाबचत किंवा कमी शक्तीची सोय आधी बंद करा, नाहीतर आकडे फसवतात. मल्टी-सेलमध्ये ती पुढेही बंदच असावी.

आणखी: मोजणी-मोडमध्ये दुसऱ्या कुणाच्या डेक्टचे बेस दिसतात का ते बघा. शेजारची प्रणाली आपल्याशी सिंक नसते, तिचे स्लॉट हळूहळू सरकत आपल्यावर येतात आणि निघून जातात. ठरावीक अंतराने खरखर येऊन आपोआप जाते ती यामुळे. हँडसेट स्वतःच मोकळी मार्गिका शोधून हलतो, त्यामुळे थोडं शेजार चालतं. भिंतीपलीकडे भरगच्च वापर असेल तर त्या बाजूचे बेस जवळ-जवळ घ्या. वायफायचा उपद्रव नसतो, वारंवारता वेगळी आहे. पण म्हणून वायफायचा जुना सर्व्हे इथे चालत नाही. केबल आधीच पोहोचलेल्या जागा कळतात, एवढाच त्याचा उपयोग.

तारजोड

लिफ्ट आणि बेस बसवायची उंची एवढं राहिलं.

लोखंडीरॅक

बेस २.५ ते ३ मीटरवर, भिंतीला, पुस्तिकेत दाखवलेल्या दिशेनेच. आडवा झोपवून ठेवला की अँटेनाची दिशा फिरते. फॉल्स सीलिंगच्या वर टाकू नका: तिथे एसीचे डक्ट आणि केबल ट्रे असतात, धातूच्या टाइल असतील तर बेस डब्यातच गेला. धातूपासून किमान अर्धा मीटर, वायफायच्या उपकरणापासून किमान १ मीटर. दोन डेक्ट बेस एकाच खोलीत असले, जसे मदतकक्षात, तर त्यांना विरुद्ध भिंतींवर न्या. शेजारी-शेजारी टांगले की एकमेकांचा रिसीव्हर बधिर करतात.

लिफ्टच्या दारासमोर बेस असला तरी डबा बंद झाल्यावर भरवसा नाही. कॉल आत टिकायलाच हवा असेल तर शाफ्टमध्ये एक बेस लागतो, आणि शाफ्टमध्ये काम लिफ्टच्या तंत्रज्ञाशिवाय करायचं नाही. नको असेल तर वापरणाऱ्यांना आधीच सांगा. लिफ्टमधला आणीबाणीचा संपर्क मात्र लिफ्टच्या स्वतःच्या यंत्रणेवरच असावा.

तारजोड

मग असं ठरतंय: तीन मजल्यांवर प्रत्येकी ३, एकावर एक. मदतकक्षाला एक जादा. तळघराला २, त्यातला एक मध्यावरच्या बेसच्या उभ्या रांगेखाली. एकूण १२. मुख्य बेस पहिल्या मजल्याच्या मध्यावर. तळघरातल्या दुसऱ्याला सिंकचा स्रोत एकच उरतो, तो लॅनवर टाकायचा विचार आहे.

सिंकसाखळी

लॅनवर टाकण्याआधी त्या दुसऱ्या बेसला तळमजल्याच्या टोकाच्या बेसखाली आणून बघा. तळघर ३० मीटर लांब आहे, तेव्हा ते कुठल्या टोकाला आहे त्यावर हे अवलंबून. स्लॅबमधून -७० च्या वर मिळालं तर दुसरा स्रोत फुकट मिळाला.

आणि मदतकक्षाचा जादा बेस साखळीत शेवटचा ठेवा, त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा सिंक टांगू नका. गर्दीच्या वेळी तोच सगळ्यांत भरलेला असतो, आणि पुढे-मागे कुणी जागा बदलेल तोही तोच.

स्विचवाला

केबल ओढताना प्रत्येक बेसच्या जागी ५ मीटर जादा वेटोळं करून ठेवा, डक्टपासून दूर. स्विचपासूनची एकूण लांबी ते धरून ९० मीटरच्या आत बसवा, म्हणजे पॅच केबल मिळून १०० ची मर्यादा पाळली जाते. ८०२.३एएफ पीओई पुरतं, पण १२ पोर्ट दोन स्विचवर वाटा: प्रत्येक मजल्याचा मधला बेस एका स्विचवर आणि टोकांचे दुसऱ्यावर. दोन्ही स्विच यूपीएसवर. बसवून झाल्यावर आधी आठवडाभर सगळ्या बेसचा सिंक-लॉग बघा, आणि ज्याचा सिंक दिवसात एकदाही सुटलाय तो बेस भिंतीला कायमचा ठोकण्याआधी त्या ५ मीटरमध्ये हलवून बघा.